सातबाऱ्यावर नाव आलं, पण जागा कुठली?

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. नोंदणी महानिरीक्षक, पुणे
मा. जमाबंदी आयुक्त, पुणे
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर



मी दस्तलेखक आहे. साठेखत, खरेदीखत, हक्कसोड, कुलमुखत्यारपत्र लिहून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. नोव्हेंबर २०२५ मध्ये तुकडेबंदीचा अध्यादेश निघाला आणि केडगाव, बोल्हेगाव, नवनागापूर, निंबळक या बाजूचे लोक जुन्या नोटऱ्या पिशवीत घालून आमच्या टेबलाशी येऊ लागले. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित होणार, 'इतर हक्कां'त पडलेलं नाव कब्जेदार म्हणून लागणार, हे त्यांनी ऐकलेलं. निर्णय चांगला आहे, त्याबद्दल आभार. २०१७ च्या दुरुस्तीत याच कामासाठी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम मागितली होती, २०२४ च्या अध्यादेशाने ती ५ टक्क्यांवर आणली आणि आता ती शून्य झाली. ज्याने मधल्या काळात कायदा मानून पैसे भरले त्याला आज काय वाटत असेल, तो वेगळा विषय.

माझं म्हणणं नाव लागल्यानंतर जे होतं त्याविषयी आहे.

आमच्या भागात प्लॉट कसा विकला जातो हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असणार, तरी सांगतो. नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेला माणूस भाड्याला कंटाळून दोन गुंठे बघतो. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसा हवा असतो. मधला माणूस शेतकऱ्याकडून एकराचं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो, फक्कीने रेषा मारतो, चार कोपऱ्यांना पांढरे दगड रोवतो आणि रंगीत पत्रक छापतो. त्यात तीस फुटी रस्ता, बाग, मंदिर सगळं असतं. खाली बारीक अक्षरात 'एनए प्रस्तावित'. सरकारदरबारी त्या जमिनीवर अजून ज्वारीच उभी असते.

जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकाने अशा तुकड्यांचे दस्त थांबले. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. आम्ही निकालाची प्रत घेऊन खिडकीशी जायचो आणि 'वरून आदेश नाही' ऐकून परत यायचो. लोकांनी मग आपली वाट काढली. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा सगळ्यांत लहान तुकडा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. तेव्हा एकमेकांना कधी न पाहिलेली दहा माणसं एका दस्तावर 'सामाईक' खरेदीदार म्हणून सह्या करू लागली. दस्त कायदेशीर होता. घरी जाऊन पाचशेच्या स्टॅम्पवर आपापसात वाटणी करायची आणि ती नोटरी करायची. आज त्यातल्या एकाला प्लॉट विकायचा असेल तर नवा घेणारा उरलेल्या नऊ जणांची संमती मागतो. एखादा मयत झाला की त्याच्या वारसांची संमती. वारसांपैकी एक जण दुबईत असला तर आपण समजून घ्याल.

आता मुद्दा. नियमित झाल्यावर सातबाऱ्यावर प्लॉटधारकाच्या नावापुढे ०.०२ हेक्टर दिसेल. म्हणजे दोन गुंठे, सुमारे २,१७८ चौरस फूट. पण गटाच्या कुठल्या कोपऱ्यात? सातबारा दिशा सांगत नाही. पोटहिस्सा पडत नाही आणि मोजणी होत नाही तोवर चाळीस खातेदारांच्या गटात कुणाचं काय कुठे आहे, हे पांढरे दगडच सांगणार. ते दगड नांगराने हलतात, जेसीबीने हलतात, रात्री माणसंही हलवतात. स्वामित्व योजनेतले ड्रोन गावठाण मोजून गेले. गावठाणाबाहेर, जिथे खरी नवी घरं उभी आहेत, तिथे मिळकत पत्रिका नाही. बँक म्हणते नकाशा आणा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती पुढे केली की बँकेचा माणूस हसतो, कारण नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीची नाही. लोक मात्र ती पावती देवघरात ठेवतात.

याहून अवघड गोष्ट रस्त्याची. या प्लॉटिंगमध्ये रस्ता आणि मोकळी जागा कुणाच्याच नावावर केलेली नसते. एकरातले बत्तीस गुंठे विकले गेले, तर उरलेले आठ, म्हणजे लोकांच्या वापरातला रस्ता, मूळ मालकाच्या नावावर तसेच राहतात. तो भला असेल तर ठीक. त्याच्या मुलांनी पुढे ते आठ गुंठे विकायला काढले तर कागद त्यांच्या बाजूने आहे. अध्यादेशाने प्लॉट नियमित होतील, रस्त्याचं काय हे त्यात मला दिसलं नाही. म्हणून पहिली मागणी हीच: एकेकाचा फेरफार घेऊन थांबू नका. पूर्ण गट एकदम मोजा, जागेवरचा रस्ता जसा आहे तसा नकाशावर घ्या, तो ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या नावे करा आणि मग प्रत्येकाला पोटहिस्सा द्या. चाळीस जणांनी चाळीस वेळा मोजणी फी भरण्यापेक्षा एकाच मोजणीचा खर्च वाटून घेणं त्यांनाही परवडेल. या जिल्ह्यात १४ तालुके आहेत, क्षेत्रफळाने राज्यात आम्ही सगळ्यांत मोठे. मोजणीदार कमी पडतील हे मान्य. निदान नगर, राहाता, संगमनेर, पारनेर या गर्दीच्या तालुक्यांपासून सुरुवात होऊ द्या.

दुसरी मागणी विकणाऱ्याबद्दल. तुकडेबंदीचा १९४७ चा मूळ कायदा काढून नववं कलम वाचा. तुकडा विकणाऱ्या मालकाला दंड जास्तीत जास्त २५० रुपये. घेणाऱ्याला मात्र जिल्हाधिकारी थेट जागेवरून काढू शकतात. २५० रुपयांत आज नगरच्या हॉटेलात दोघांचं जेवण होत नाही. आणि ज्याने खरे पैसे कमावले तो तर मालकही नाही. तो कुलमुखत्यार, त्यामुळे दंडाच्या नोटिशीवर नाव शेतकऱ्याचं. रेरा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंग योजनेची नोंदणी बंधनकारक आहे. फक्की मारलेल्या शेतांवर तो कायदा कधी पोहोचलेला मी पाहिला नाही. नव्या दुरुस्तीत एवढं तरी घाला की कुलमुखत्यारपत्रावर एका गटात दुसऱ्यांदा तुकड्याचा दस्त आला की त्या माणसाची चौकशी आपोआप सुरू व्हावी. दस्त तुमच्याच संगणकात आहेत.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत, मधले काही आठवडे सोडले तर, महसूल खातं याच जिल्ह्याकडे होतं. आधी संगमनेरचे बाळासाहेब थोरात, मग लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील. परिपत्रक, अधिसूचना, ५ टक्क्यांचा अध्यादेश, सगळं त्या काळातलं. दोघांच्याही तेव्हाच्या मतदारसंघात असे प्लॉट आहेत. खातं आता चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडे आहे. त्यांना आमचं अंगण ठाऊक नसेल, पण नागपूरची गुंठेवारी त्यांना चांगली ठाऊक आहे.

नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असं तिथल्या ग्रामसभेने ठरवलं आणि पोपटराव पवारांच्या गावाने ते पाळलं. कौतुकच आहे. पण तो उपाय नवनागापूरला लावता येणार नाही. तिथे बाहेरचा माणूस आलेलाच आहे, कारखान्यात कामाला लागला आहे, त्याची मुलं तिथल्या शाळेत जातात. त्याला डोक्यावर छप्पर लागणार आणि ते फ्लॅटच्या भावात त्याला जमणार नाही. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात मुदत १ जानेवारी २००१ होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२० केली. तुकडेबंदीला आता १५ ऑक्टोबर २०२४. त्यानंतर विकले गेलेले प्लॉट आमच्या टेबलावरून जातच आहेत, कारण दोन गुंठ्यांचा साधा, स्वस्त आणि मंजूर लेआउट करायची वाटच शेतकऱ्याला दिलेली नाही. अर्ध्या एकराच्या लेआउटला लागणारी परवानगी एका खिडकीवर, ठरलेल्या फीमध्ये आणि ठरलेल्या दिवसांत मिळाली, तर मधल्या माणसाचं निम्मं दुकान बंद होईल.

नोंदणी कार्यालयासाठी एक छोटी विनंती. दस्तावर शिक्का बसला की सरकारने जागा तपासली, असं शंभरातल्या नव्वद लोकांना वाटतं. आपण दस्त नोंदवता, मालकी तपासत नाही, हे त्यांना कुणीच सांगत नाही. शेतजमिनीच्या प्रत्येक दस्तासोबत साध्या मराठीत एक पान द्या: जमीन बिनशेती आहे की नाही, दस्त सामाईक आहे का, रस्ता कुणाच्या नावावर आहे, पोटहिस्सा पडला आहे का. अंगठ्याच्या ठशाआधी ते वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याने माझे काही दस्त कमी होतील हे मला माहीत आहे.

गट मोजणीची शिबिरं ठरली की तारखा तलाठी कार्यालयाच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. फक्त संकेतस्थळावर टाकू नका. लोकांचे अर्ज लिहून द्यायला आम्ही दस्तलेखक येऊ.

आपला नम्र,
एक दस्तलेखक
अहिल्यानगर