आबांची वही

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचे आबा फौंड्रीत कामाला आहेत. कोणत्या पाळीला किती कास्टिंग रिजेक्ट झाले, हे ते स्वतःच्या वहीत टिपून ठेवतात. 'माहिती प्रणाली' हा भारदस्त शब्द वाचला, तेव्हा मला ती तेलकट वहीच आठवली.

मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. दीपक फाटक यांनी वर्षानुवर्षे संगणकशास्त्र शिकविले. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथेच नवउद्योजकांना हात देणारी 'साइन' ही संस्था २००४ साली निघाली.

हे कलाशाखेचे काम नव्हे, असे पुष्कळांना वाटते. मला पटत नाही. कोणती नोंद ठेवायची, कोणासाठी, हे ठरवायला माणसाची पारख लागते. मला हाच विषय मराठीतून शिकवायचा आहे. पहिल्या तासाला आबांची वही नेणार; त्यांनी ती दिली तर!