सिंडीच्या भावाची पार्टी

ग्वाल्हेरच्या मराठी मासिकात हिपहॉप कशाला, असं फूलबागेत फिरायला येणारे आमचे ज्येष्ठ वाचक विचारणारच. हिपहॉपचा जनक मानला जाणारा क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, जमैकातून १९६७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये आला. बहीण सिंडीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. तिने ११ ऑगस्ट १९७३ला तिकीट लावून पार्टी ठेवली, तबकड्या याने वाजवल्या. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून लावत नुसता ठेक्याचा तुकडा लांबवायचा, ही युक्ती त्याचीच. पैसा मात्र पुढच्यांनी कमावला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला त्याची आठवण २०२३मध्ये झाली! इथला ख्याल महाराष्ट्रात नेणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना मानणाऱ्यांनी तरी नाक मुरडण्याआधी लेख वाचावा.