रविवार कोणाचा, सायकल कोणाची?

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘फिट इंडिया’च्या छत्राखाली सायकल चालवण्याची एक देशव्यापी मोहीम सुरू केली. ‘संडेज ऑन सायकल’ हे तिचे नाव. रविवारी सकाळी नागरिकांनी सायकलीवर बसावे, घाम गाळावा, लठ्ठपणा आणि प्रदूषण दोन्ही घालवावे, असा तिचा उपदेश. उपदेशात वावगे काहीच नाही. परंतु मोहीम सुरू करणाऱ्या मनसुख मांडविया यांच्याकडे क्रीडा खात्याच्या जोडीला श्रम खातेही होते, आणि त्याच श्रम खात्याने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या. आमचे राज्य सरकार त्याहून चपळ निघाले. सप्टेंबर २०२५ मध्येच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे आश्वासन सोबत आहेच. फाटकाबाहेर दहा बेकार उभे असताना आतल्या माणसाची संमती म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने ती चालवायचा वेळ काढून घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. शिवाय ज्या रविवारच्या नावाने तो चालला आहे, तो रविवार सरकारने दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांना आठवड्याची सुटी मान्य करावी लागली. आज मीरा-भाईंदरमध्ये किती कष्टकऱ्यांना तो रविवार मिळतो, याची चौकशी मोहिमेच्या एकाही पत्रकात मला आढळली नाही.

मी स्वतः सायकलवाला आहे आणि साठी उलटल्यावरही भाईंदर पश्चिमेहून राई, मुर्धा, मोर्वा गावांवरून उत्तनच्या दिशेने जातो. वाटेत मिठागरे लागतात, खाऱ्या वाऱ्याने छाती भरून येते. माझ्या नोकरीची अकरा वर्षे मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी गेली. पत्नीची शाळेची नोकरी मुंबईत, मुले तिच्याजवळ. मी भाड्याच्या एका खोलीत. महिन्यातून दोनदा शनिवारी रात्रीची गाडी पकडायची आणि रविवारी रात्री परतायचे. त्या काळात माझी प्रकृती उत्तम राहिली, आणि पुढे कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना ती कथा आपल्या मनोनिग्रहाचा दाखला म्हणून सांगत असे.

आता त्या आत्मप्रौढीची लाज वाटते. कारण ताळेबंद मांडला तर त्यात निग्रहाचा वाटा थोडका होता. मला आठवड्याला सोळा तास शिकवायचे होते. महाविद्यालयात सायकलींसाठी पत्र्याची शेड होती आणि तिच्यावर पगारी माणूस होता. खानावळीच्या बाई दोन वेळा ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी वाढत. माझा चूल-भांड्यांचा वेळ त्या वाचवीत होत्या आणि मी त्याची किंमत फार कमी देत होतो. गल्लीच्या टोकाला तालीम होती, तिची वर्गणी नाममात्र. आणि मुंबईत मुलांची आजारपणे, शाळा, रॉकेलची रांग हे सगळे एकटी पत्नी निभावीत होती, म्हणून माझी संध्याकाळ मोकळी होती. शेड, खानावळ, तालीम, मर्यादित कामाचे तास आणि पत्नीचे विनामोबदला श्रम यांच्या खांद्यावर माझा मनोनिग्रह उभा होता.

आमच्या इमारतीचे रखवालदार संगमेश्वर तालुक्यातले. बायको-मुले गावी, स्वतः भाईंदर पूर्वेला पाच जणांबरोबर एका खोलीत. सकाळी आठ ते रात्री आठ पाळी. बदली माणूस आला नाही तर पुढची रात्रही. तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेला हा माणूस जुन्या काळ्या सायकलीवरून येत-जात असे. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत ठराव आला की ती सायकल दर्शनी भागात शोभत नाही. चारचाकींसाठी रंगवलेले चौकोन होते. सायकलीला चौकोन नव्हता. ती बाहेर खांबाला बांधली जाऊ लागली आणि पावसाळ्यात एका रात्री चोरीला गेली. त्या सभेला मी हजर होतो. विषयपत्रिका लांब होती, चहा आला होता, आणि समाजवादाची पन्नास वर्षे बाळगणारा हा गृहस्थ गप्प बसला. आता ते शेअर रिक्षाने येतात, रिक्षा मिळेपर्यंत उभे राहतात, आणि रक्तदाबाची गोळी घेतात. मागे एकदा मी त्यांना व्यायामाचे महत्त्व सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, “सर, सांगा ना, कोणत्या वेळेला करू?”

या प्रश्नाचे उत्तर मी कागदावर मांडून पाहिले. पाळीचे १२ तास. जाण्यायेण्याचे आणि वाट पाहण्याचे दीड. पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी, कपडे यांचे अडीच. झोपेचे ७. गावी फोन, देणेकऱ्याला भेटणे, दवाखाना यांना उरतो एक तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे सहा दिवस रोज २५ मिनिटे. ती या कोष्टकात कुठे बसवायची? एकाच ठिकाणी बसतात: जाण्यायेण्याच्या रकान्यात. प्रवास आणि व्यायाम ही सायकलीची जोड-उत्पादने आहेत. वेगळा वेळ न मागता प्रकृती राखणारे दुसरे साधन गरिबाजवळ नाही. ती सायकल गेली तेव्हा त्या माणसाचा व्यायामही गेला, आणि तो आम्ही बहुमताने घालवला.

सोसायटीने जे लहान प्रमाणावर केले तेच शासन हजारो कोटी खर्चून करीत आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर २००९ पासून सायकलीला मज्जाव. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर मज्जाव. मार्च २०२४ मध्ये खुल्या झालेल्या किनारी मार्गावर मज्जाव. तिथे सायकलवाल्याने विहारपथावर हौस भागवावी, कामाला जाऊ नये. वांद्रे-कुर्ला संकुलात दीडेक दशकापूर्वी बांधलेला सायकलमार्ग उखडून मोटारींना जागा देण्याचे २०२५ मध्ये ठरले. आणि आपल्या दारातल्या दहिसर नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना पथकर माफ. ही माफी सार्वजनिक तिजोरीतून होते, म्हणजे सायकलवालाही तिचा वाटेकरी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्याच दिवशी लहान मोटारींचा २८ वरून १८ वर आला. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार ५ टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. रस्ता कोणासाठी बांधला जातो हे यावरून ताडावे.

इथे आपल्याच काही सहकाऱ्यांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. व्यायाम, सायकल, प्रकृती हे विषय निघाले की ते स्मितहास्य करतात. ही सुखवस्तू मध्यमवर्गाची चैन, आपण वेतनाचे बोलू, असे म्हणतात. इतिहासाचे एवढे विस्मरण बरे नव्हे. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली तेव्हा शाखेवर कवायत आणि खेळ होतेच. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार गाळ्यांत पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. पण त्याच वस्तीत त्यांनी व्यायामशाळा आणि कबड्डीचे संघ उभारले. घरापासून दूर असलेल्या माणसाला दारूच्या गुत्त्याखेरीज संध्याकाळी जायला दुसरी जागा असावी, हे त्यांना पुस्तक न वाचता कळले होते. १९८२ चा संप चिरडला गेला, गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, वस्त्या उठल्या. अनेक कुटुंबे भाईंदर, नालासोपारा, विरारकडे सरकली. घरे कशीबशी मिळाली, आखाडा मिळाला नाही. १९८५ ला इथे नगरपरिषद झाली, २००२ ला महानगरपालिका, आणि २०११ मध्ये लोकसंख्या आठ लाखांवर गेली. या शहरात वातानुकूलित व्यायामगृहांच्या पाट्या चौकाचौकांत दिसतात, परंतु भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी पॉलिश करणारा, त्याच गाळ्यात झोपणारा परप्रांतीय मुलगा त्यांच्या पायऱ्या चढत नाही. तो परप्रांतीय आहे म्हणून त्याच्याविरुद्ध ओरडणारे पुष्कळ आहेत. त्याच्या फुप्फुसांविषयी बोलणारा मला अजून भेटायचा आहे.

श्रमशक्ती रोज नव्याने घडवावी लागते, आणि ती घडवण्याचा खर्च भांडवलदार शक्यतो घरावर ढकलतो, हे आपण अभ्यासवर्गात शिकवतो. माणूस घरापासून दूर असला की तो खर्च गावच्या बायकोवर आणि त्याच्या स्वतःच्या देहावर पडतो. पन्नाशीत देह संपला की गावी परत. मग औषधपाणी करायचे ते गावाने. म्हणून कामाच्या तासांचा लढा आणि प्रकृतीचा लढा मला वेगळे काढता येत नाहीत. रखवालदारांना आठ तासांच्या तीन पाळ्या हव्यात आणि तिसऱ्या माणसाचा पगार सोसायट्यांनी द्यायला हवा. याने आपल्यातल्या पुष्कळांची मासिक वर्गणी वाढेल, माझीही. भाईंदर आणि मीरा रोड स्थानकांबाहेर राखणदार असलेले, छप्पर असलेले सायकलतळ पालिकेकडून मागून घ्यावे लागतील. नुसते लोखंडी दांडे पुरून फोटो काढले म्हणजे सायकल सुरक्षित राहत नाही. पालिकेच्या शाळांची मैदाने रात्री दहानंतरही उघडी असावीत, कारण बारा तासांच्या पाळीतून सुटलेला माणूस त्याआधी जेवून मोकळा होत नाही. बारा तासांच्या निर्णयाविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी गाळ्यांत जाताना एवढे विचारावे: घरी शेवटचे कधी गेलास, आणि सायकल आहे का?

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा येत्या महिन्यात आहे. एका चारचाकीच्या चौकोनात दहा सायकली मावतात, मी टेपने मोजून पाहिले. माझ्या मालकीची मोटार नाही, पण नावावर एक चौकोन आहे. तो इमारतीत काम करणाऱ्यांच्या सायकलींना द्यावा, असा ठराव मी लेखी दिला आहे. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.