हार घालून मारलेलं बंड

वर्ध्याजवळच्या नालवाडीचं नाव निघालं की इथली माणसं एकदम भाविक होतात. विनोबा इथे राहिले, केवढा त्याग केला, थोर माणूस. एवढं बोललं की मंडळी मोकळी. या भाविकतेचा मला संताप येतो, कारण तिच्यामुळे इथे नेमकं काय घडलं हे विचारायचीच सोय उरलेली नाही.

त्यागाच्या आड बंड कसं झाकतात, हे आमची तरुण मुलं वाचतात त्या सुझॅन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये दिसतं. २००८ सालच्या या कादंबरीत कॅटनिस धाकट्या बहिणीच्या, प्रिमच्या, जागी मरणाच्या खेळात उतरते. तिला सत्ता उलथवायची नसते, प्रिम वाचली म्हणजे झालं. शेवटी सोबतच्या मुलाबरोबर मरायला तयार होऊन विषारी बोरं हातात घेते तेव्हाही तिच्या डोक्यात क्रांती नसते. पण पाहणाऱ्या गरीब जिल्ह्यांना उमगतं की राज्य करणाऱ्या कॅपिटॉलला नमवता येतं. पुढच्या भागात राष्ट्राध्यक्ष स्नो तिच्या घरी येऊन बजावतो, की तू जे केलंस ते त्या मुलावरच्या प्रेमापायी केलंस, हे लोकांना पटवून दे. जीव ओवाळून टाकणारी मुलगी त्याला चालते. तिच्याकडे बघून लोक जे शिकतात, ते मात्र त्याला चालत नाही.

आपल्याकडे बंडाला त्याग म्हणून झाकण्याचं हे काम करायला कुणा स्नोची गरज पडली नाही. आपण ते हौसेने केलं.

विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीत आले. तेव्हा ही अस्पृश्य मानलेल्या लोकांची वस्ती होती. इथे त्यांनी दिवसातले कित्येक तास सूत कातलं आणि कातणारणीला मिळते तेवढ्याच मजुरीत जगून पाहायचं ठरवलं. याला तपश्चर्या म्हणणं सोपं आहे. मी त्याला हिशेबतपासणी म्हणतो. ज्या खादीच्या जोरावर देश उभा करायचा, ती कातणाऱ्या बाईचं पोट तरी त्यातून भरतं का? हा सवाल इंग्रजांना नव्हता, स्वतःच्याच चळवळीला होता. विनोबांना तो बंडखोरी वाटला असेल असं मला वाटत नाही. पण स्वतःच्या देहावर मोजलेली मजुरी कुठल्याही ठरावापेक्षा जास्त अडचणीची असते. १९३५ साली गांधीजींनीच खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघापुढे कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचा आग्रह धरला. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी कुरकुर तेव्हाही झाली. इकडे विनोबांची प्रकृती पार ढासळली आणि १९३८ मध्ये त्यांना पवनारला हलावं लागलं. आम्हाला ढासळलेली प्रकृती आठवते. मजुरीचा सवाल आठवत नाही.

विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली जवळच दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. ज्यांना घरच्यांनीही बाहेर काढलं, त्यांच्या जखमा धुणारा माणूस समाजाच्या शिवाशिवीला उघड नकार देत असतो, त्याने घोषणा दिली नाही तरी. आपण त्यांना सेवाव्रती म्हटलं आणि घरातली शिवाशीव तशीच ठेवली. याच नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या गुरांच्या कातड्याचं चर्मालय चालवलं. आश्रमाने कातडं कमावलं तर तो त्याग. पिढ्यान्‌पिढ्या तेच करणाऱ्या ढोर-चांभारांना हा शब्द एकदा तरी मिळाला का? त्यांच्या वाट्याला विटाळ आला. त्याग कुणाचा मानायचा हेही जात ठरवते, आणि ज्यांना हे दिसत नाही त्यांनी नालवाडीबद्दल बोलू नये.

संत करून ठेवलेला माणूस सत्तेच्या किती कामी येतो हे आणीबाणीत दिसलं. विनोबांचे ‘अनुशासन पर्व’, म्हणजे शिस्तीचा काळ, हे शब्द सरकारने पाहता पाहता स्वतःच्या प्रचाराला जुंपले. मजुरी मोजणाऱ्या विनोबांना असं जुंपता आलं नसतं.

आणि सेवेचा गौरव करून मजुरीचा सवाल टाळणं ही जुनी गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या आशा सेविकांना आजही पगार नाही, मानधन मिळतं. कारण त्या म्हणे स्वयंसेविका. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, गावभर फिरून नोंदी करायच्या, आणि करोनात जिवावर उदार होऊन दारोदार जायचं. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या संपावर गेल्या, तेव्हा सेवेचा पैसा कसला मागता, असं म्हणणारे टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच होते. आरोग्य खात्याच्या मंत्र्यांनी आणि सचिवांनी महिनाभर आशाताईंच्या मानधनात घर चालवून दाखवावं. नालवाडीत हा प्रयोग एकदा झालेला आहे, करायचा कसा हे शोधत बसायला नको.