भरतीरेषेखाली कोण राहतं?

वर्ष धामधुमीचं गेलं. पाऊस मे महिन्यातच मुंबईत येऊन थडकला, शिवरायांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तिसऱ्या भाषेचा शासननिर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. आम्हाला मात्र वर्षभर सलत राहिली ती हिरवळ.

सागरी किनारा मार्गासाठी समुद्रात शंभराहून अधिक हेक्टर भराव पडला. त्यातल्या सुमारे ७० हेक्टरांवर बागा, मोकळ्या जागा व्हायच्या आहेत. १५ ऑगस्टला प्रियदर्शिनी पार्क ते वरळी हा विहारपथ खुला झाला. लोक खुशीत चालताहेत. चालावंच, या शहरात पाय मोकळे करायला जागा उरलीय कुठे? पण बागांच्या चर्चेत ऐकू येते ती हिरवळ, सायकल ट्रॅक, बाकडी, सेल्फी पॉइंट. कठड्यापलीकडे जणू नुसता निळा रंग फासलाय.

तिथे उधाणाला पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सुकती लागली की वरळी-हाजीअलीच्या खडकांवर कालवं आणि खेकडे उघडे पडतात. २०२० मध्ये भरावाच्या वाटेतल्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या, म्हणजे तिथे कोण राहतं हे ठाऊक होतं! नुसता दगड रचला की किनारा होत नाही. खळग्यांत पाणी थांबलं नाही तर कोवळं कालव दुपारच्या उन्हात करपून जातं.

अमेरिकेतल्या सिएटलने २००७ मध्ये ऑलिंपिक स्कल्प्चर पार्क उभारताना बांधीव काठाचा एक तुकडा मोडून छोटी पुळण केली. पुढे नवी समुद्रभिंत बांधताना तिला खाचा आणि कंगोरे ठेवले, वरच्या पदपथात काचेचे ठोकळे बसवले. कारण सॅमनची पिल्लं काठाकाठाने जाताना अंधाराला बिचकतात. पार्काच्या पुळणीपाशी अभ्यासकांनी मोजणी केली, तेव्हा बांधीव काठापेक्षा पिल्लं जास्त सापडली. आपल्याकडे सॅमन नाही, तेव्हा नक्कल नको. आपले खडक, आपली भरती पाहूनच आराखडा करावा लागेल. तो भर ओहोटीत, पायात चिखल घेऊन करा, आणि वरळी कोळीवाड्यातल्या बायकांना बैठकीला आधी बोलवा, हरकती-सूचनांच्या शेवटच्या दिवशी नव्हे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’. त्यात कालवं बसवणं ओढूनताणून वाटेल, वाटू दे. बाकी शेजारी आतल्या पानांवर आहेत, आणि तुमची खरमरीत पत्रं नेहमीसारखी येतीलच. लॉनला पाणी कुठून आणणार, हे तेवढं कोणी कळवा.