इम्युनिटीला ब्रेकही लागतो!

कोरोनाच्या काळात ‘इम्युनिटी’ हा शब्द आपल्या घराघरांत शिरला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. आज साताऱ्याच्या पोवई नाक्यावर जा किंवा सांगलीच्या विश्रामबागेत, मेडिकलच्या काउंटरवर ‘इम्युनिटी बूस्टर’ची एक तरी बाटली दिसतेच. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू मोबाइलची बॅटरी, जितकी चार्ज तितकी भारी, असं आपण धरूनच चाललोय. पण २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या शोधाला मिळालं, तो शोध वेगळंच सांगतो.

आपल्या टी-पेशी जंतूंशी लढतात. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत त्या तयार होतात आणि स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी बहुतांशी तिथंच बाद होतात. पण ही चाळणी शंभर टक्के नसते. काही बंडखोर निसटतातच. मग त्यांना आवरतं कोण? जपानच्या शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये उत्तर दिलं: टी-पेशींचाच एक वेगळा गट, रेग्युलेटरी टी-पेशी, थोडक्यात ‘टी-रेग’. तेव्हा ही कल्पना बहुतेक संशोधकांनी सोडून दिली होती, हे विशेष. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘फॉक्सपी-३’ या जनुकातला बिघाड शोधला. हे जनुक बिघडलेल्या बाळांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच आतड्यांवर, स्वादुपिंडावर, त्वचेवर तुटून पडते. कारण टी-रेग घडतात ते याच जनुकामुळे, हे २००३ पर्यंत स्पष्ट झालं.

लसिका ग्रंथी, प्लीहा, टॉन्सिल ही टी-पेशींना लढाईचा हुकूम मिळण्याची ठिकाणं. टी-रेग तिथंही पहारा देतात. इतर टी-पेशींना वाढायला लागणारं रसायन स्वतःच शोषून घेतात आणि लढाई आटोक्यात ठेवतात.

सातारा-सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं आणि ते आपल्याला हवंच असतं. पण पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष असतं ते सहा वक्र दरवाज्यांकडे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ‘अजून वाढू दे’ असं कुणी म्हटलं नव्हतं. संधिवाताचे काही प्रकार, ल्युपस, टाइप-१ मधुमेह हे शरीरातले असेच पूर आहेत.

म्हणून बूस्टरचा विषय गमतीचा नाही. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष मान्य केला नाही. ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा त्यांचा सवाल होता. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांच्या अभ्यासात असे ४३ रुग्ण नोंदले गेले. सुप्त ऑटोइम्यून आजार यामुळे उफाळून येत असावा, असं या डॉक्टरांचं म्हणणं आहे.

याचा अर्थ भाजीतली हळद वाईट, असा काढू नका. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा अभिमान आहेच. पण फोडणीतली चिमूट वेगळी आणि रोज पोटात जाणारा अर्क वेगळा. लसीचीही यात गल्लत नको. लस प्रतिकारशक्तीला एका ठरावीक शत्रूची ओळख करून देते, सरसकट भडकवत नाही.

आणि ब्रेक जास्त लागला तरी पंचाईतच. कॅन्सरच्या गाठीभोवती टी-रेग गोळा होतात आणि गाठीलाच संरक्षण देतात. म्हणून कॅन्सरमध्ये त्यांना हटवायचं आणि ऑटोइम्यून आजारांत, अवयव प्रत्यारोपणात त्यांना वाढवायचं, अशा दोन्ही बाजूंनी प्रयोग सुरू आहेत.

तुमच्या घरात कुणाची किडनी बदललेली असेल, कुणाला ल्युपस किंवा आमवात असेल, तर ती व्यक्ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी रोज घेत असेल. फॅमिली ग्रुपवर बूस्टरचा मेसेज आला की आधी तुम्हीच विचारा: ‘डॉक्टरांना विचारलंय का?’ चालू गोळ्या मनानं बंद करू देऊ नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं तर जिवावर बेतू शकतं. घरात सायन्स शिकणारे तुम्ही असाल, तर हा प्रश्न विचारणं तुमचंच काम आहे.