डिस्चार्जनंतर बेवारस

दिव्यांगांचे मासिक अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार केले म्हणून सरकार स्वतःचीच पाठ थोपटून घेत आहे. खुशाल घ्यावी. मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले तेव्हा मागणी सहा हजारांची होती, एवढे मात्र लक्षात असू द्यावे. अडीच हजार म्हणजे दिवसाला ऐंशी-ब्याऐंशी रुपये. मणक्याला मार बसून कमरेखालचे अंग गेलेल्या माणसाला लघवीसाठी दिवसातून चार-सहा वेळा नळी घालावी लागते. ती नळी, डायपर, हवेची गादी, संसर्गावरची औषधे, फिजिओथेरपीची फी आणि तिथवर जायची रिक्षा हे सारे या ऐंशी रुपयांत बसवून दाखवावे.

बरे, पैसे उद्या वाढतीलही. पण मज्जारज्जू गेल्यावर जगायचे कसे, हे शिकवणारी जागा कुठे आहे? आमचा नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. विहिरीत पडणारे, स्लॅबवरून कोसळणारे, उसाच्या ट्रॉलीखाली सापडणारे, नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत दुचाकीवरून उडणारे इथे नवे नाहीत. पडलेल्याला चौघे हातापायाला धरून टेम्पोत टाकतात. मान-पाठ सरळ ठेवून फळीवर घ्यायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. अर्धवट इजा वाटेतच पुरी होते. मग ऑपरेशन, रॉड, स्क्रू. खर्च जनआरोग्य योजनेतून निघाला तर नशीब. टाके काढले की कार्डावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ असे लिहून माणूस घरी. तिथून पुढे तो कोणाचाच नाही.

घरी तो खाटेवर पडून असतो. संवेदना नाही, त्यामुळे दुखतही नाही. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उठतो. घरच्यांना वाटते, घामोळे असेल. मग साल जाते आणि बघता बघता मूठ जाईल एवढी जखम होते. दर दोन तासांनी कूस बदलली असती तर हे टळले असते. पण बायको दिवसभर खुरपायला गेलेली, कूस बदलणार कोण? अशी माणसे पुढे मरतात ती या जखमेतल्या पुवाने आणि किडनीपर्यंत चढलेल्या संसर्गाने. ही मरणे टाळता येतात, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे सांगत आहे. आपल्याकडे ऐकायला कोणी नाही.

सैनिकासाठी देशाने सोय केली. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले मुरलीकांत पेटकर 1972मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरण तलावातून सुवर्णपदक घेऊन आले. खडकीला जखमी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र 1974पासून आहे. पाथर्डीच्या ऊसतोड मजुराला खडकी नाही. त्याने हाजी अलीची केंद्रीय संस्था गाठायची आणि मुंबईत मुक्काम करायचा फुटपाथवर. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या डॉ. केतना मेहता यांनी मुंबईत अशा रुग्णांसाठी नीना फाउंडेशन उभे केले. जे एका बाईला जमले ते जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला का जमू नये?

सरकारचा सारा जोर मात्र दिव्यांग दाखल्यांच्या पडताळणीवर. प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर यांच्या प्रकरणात नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यांची चर्चा दिल्लीपर्यंत गेली, आता जिल्हा परिषदांत दाखले तपासले जात आहेत. बोगस असतील त्यांना जरूर हाकला. दिव्यांग हक्क कायद्यात कलम 91 आहे, दोन वर्षांपर्यंतची कैद आहे, ती वापरा. पण त्या झाडाझडतीत ज्याचे पाय खरोखरच गेले आहेत, त्याला जीप करून, चौघांनी उचलून पुन्हा बोर्डापुढे आणायला लावाल तर याद राखा. आणि तो आला तरी आत कसा शिरणार? सुगम्यतेचे नियम सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी बजावले. आमच्या कचेऱ्यांत अजून पायऱ्याच. कुठे उतार बांधलाच तर असा खडा, की धडधाकट माणूसही त्यावरून घसरेल.

पैसा नाही, ही सबब सांगू नये. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. मार्चअखेरीस घाईघाईने मापाविना खुर्च्या वाटून फोटो काढण्यापेक्षा त्यातून तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट नेमा. महिन्यातून दोनदा घरी जाऊन पाठ तपासणारी, नळी घालायला शिकवणारी नर्स द्या. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा आणि तारीख जाहीर करावी.